यू जी

यू जी : (इ.स.पू. तिसऱ्या शतकाची अखेर). प्राचीन चीनमधील छू राज्याचा सेनानी श्यांग यू (इ.स.पू. २३२–२०२) याची प्रिय सहचरी. छिन साम्राज्य कोसळल्यानंतर सुमारे चार वर्षे चाललेल्या छू-हान संघर्षात हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग याने श्यांग यूचा पाडाव केला. गायश्या येथे वेढ्यात सापडलेल्या श्यांग यूने शेवटच्या रात्री तिला उद्देशून गाणे म्हटले, एवढ्या एका प्रसंगामुळे तिचे नाव इतिहासात राहिले. तिचा जन्म, कुळ, वय, श्यांग यूशी गाठ कधी पडली आणि शेवट कसा झाला, यांपैकी कशाचीही नोंद समकालीन वा निकटकालीन साधनांत नाही. चिनी काव्य, रंगभूमी व लोककथा यांतील तिची एकनिष्ठ पत्नीची प्रतिमा त्यानंतरच्या दीड-दोन हजार वर्षांत घडत गेलेली आहे.

देवनागरीत तिच्या नावातील ‘यू’ आणि श्यांग यू या नावातील ‘यू’ सारखेच दिसत असले, तरी चिनी लिपीत ही दोन वेगळी अक्षरे असून त्यांचे सूरही भिन्न आहेत. त्यांच्यात नाते वा श्लेष शोधण्याचे कारण नाही.

मूळ साधन एकच. सीमा छ्येन (जन्म सु. इ.स.पू. १४५) याच्या शिजी (‘इतिहासकाराच्या नोंदी’) या ग्रंथातील सातवे प्रकरण श्यांग यूच्या चरित्राचे आहे. पराभूत माणसाचे चरित्र त्याने सम्राटांच्या प्रकरणांत घातले, यावर पुढच्या इतिहासकारांनी बरेच आक्षेप घेतले. इ.स.पू. २०६ मध्ये श्यांग यूने स्वतःला ‘पश्चिम छूचा अधिराज’ म्हणवून घेतले, १८ राजांना मुलूख वाटून दिले आणि फंगछंग (आजचे श्यूजौ) येथे राजधानी केली. इ.स.पू. २०३ मध्ये हान व छू यांच्यात सीमा ठरवून तह झाला. ल्यू बांगने तो लगेच मोडला. हान शिन आणि फंग यूए हे सेनापती येऊन मिळाल्यावर श्यांग यू गायश्यात कोंडला गेला. शिजीतील आकडे मानायचे, तर एकट्या हान शिनच्या हाताखाली तीन लाख आणि श्यांग यूकडे सुमारे एक लाख सैन्य होते. हे आकडे फुगवलेले असण्याची शक्यता धरूनच वाचावेत.

प्रसंगाची तिथी हान राजवटीच्या ५ व्या वर्षाचा १२ वा महिना अशी पडते. तेव्हाच्या पंचांगात वर्षारंभ १० व्या महिन्यापासून होई. त्यामुळे १२ वा महिना वर्षाच्या शेवटी नव्हे, तर तिसरा येतो. पाश्चात्त्य कालगणनेत तो इ.स.पू. २०३ चा डिसेंबर की २०२ चा जानेवारी, याबाबत ग्रंथांत फरक आढळतो. येथे अधिक रूढ असलेले २०२ हे वर्ष स्वीकारले आहे.

सीमा छ्येनने सांगितलेला प्रसंग थोडक्यात असा : सैन्य रोडावलेले, धान्य संपलेले. रात्री चारी बाजूंच्या हान तळांवरून छूच्या मुलखातली गाणी ऐकू येऊ लागली. श्यांग यू दचकला. हानने छूसुद्धा घेतले की काय, तिकडे छूची इतकी माणसे कशी, असे तो म्हणाला. तो उठला आणि तंबूत मद्य घेत बसला. यानंतर सीमा छ्येन दोन वाक्ये जोडीने देतो. एक सुंदर स्त्री होती, तिचे नाव यू, ती मर्जीतली, नेहमी बरोबर असे. एक उमदा घोडा होता, त्याचे नाव च्वेइ, त्याच्यावर तो नेहमी स्वार होई. मग श्यांग यूने स्वतः रचून गायिले :

डोंगर उपटील असे बळ, जग झाकील असा आवेश;
काळ फिरला, च्वेइ पाऊल टाकेना.
च्वेइ पाऊल टाकेना, आता काय करू?
यू गं, यू, तुझे मी काय करू?

त्याने हे अनेकदा म्हटले आणि ‘सुंदरीने साथ दिली’. राजाच्या गालांवरून आसवांच्या धारा लागल्या. भोवतीचे सगळे रडले, कोणाला मान वर करून पाहवेना. पुढच्याच वाक्यात श्यांग यू घोड्यावर स्वार होऊन आठशेंवर घोडेस्वारांसह रातोरात वेढा फोडून दक्षिणेकडे निसटतो. यूचा उल्लेख तेथेच संपतो. वाट चुकून दलदलीत शिरलेल्या आणि अखेरीस २८ स्वारांनिशी उरलेल्या श्यांग यूने वू नदीच्या काठी स्वतःचा गळा चिरला. घोडा त्याने तेथल्या नावाड्याला देऊन टाकला होता, हे इतिहासकार सांगतो. म्हणजे घोड्याचे काय झाले ते कळते, स्त्रीचे कळत नाही.

हे गाणे त्या रात्री ऐकून कोणी लक्षात ठेवले असेल, हा प्रश्न चिनी वाचकांना फार पूर्वीच पडला. छिंग राजवटीच्या (१६४४–१९१२) आरंभीच्या एका पत्रसंग्रहात तो स्पष्ट विचारलेला आहे : सैन्य पांगले, एकटा घोडा पळतो आहे, अशा वेळी कविता रचायला सवड कोणाला, आणि रचलीच तर ऐकणारा कोण? त्या पत्रलेखकाचे उत्तर असे, की हे घडले असो वा नसो, यात सीमा छ्येनच्या लेखणीने निसर्गाची उणीव भरून काढली आहे. दुसऱ्या बाजूने, गाण्याचा घाट अस्सल छूचा आहे. ओळीच्या मध्यावर ‘शी’ हा अर्थहीन उद्गार येतो (आपल्या ओवीतल्या ‘गं’सारखा तो ताल धरायला उपयोगी पडतो) आणि त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन अक्षरे बसतात. ल्यू बांगचे इ.स.पू. १९५ मधील ‘वादळवाऱ्याचे गाणे’ही याच जातीचे आहे. जपानमध्ये जपलेल्या शिजीच्या जुन्या प्रतींवरील टिपणांत ‘काळ फिरला’नंतर ‘दरारा ओसरला’ अशा अर्थाची जादा जोड मिळते, त्यामुळे गाणे चाराऐवजी पाच ओळींचे होते. तिसरी आणि चौथी ओळ मागच्या ओळीचे शेपूट धरून उठते, म्हणून हा पाठ काही अभ्यासकांना जास्त जुना वाटतो. मुद्रित आवृत्त्यांत मात्र चार ओळींचाच पाठ रूढ आहे.

नावाचा वाद याहून किचकट आहे. शिजीत ‘नाव यू’ असे आहे. सुमारे दोनशे वर्षांनंतर बान गू (३२–९२) याने हानशू (‘हान घराण्याचा इतिहास’) लिहिताना हाच मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उचलला, पण ‘नाव यू’च्या जागी ‘आडनाव यू’ असे केले. शिजीच्या जुन्या टीकाकारांनीही ‘एका पाठाप्रमाणे आडनाव यू’ अशी नोंद केली आहे. बान गूने दुरुस्ती केली, की त्याच्यापुढे वेगळी प्रत होती, हे ठरवता येत नाही.

‘जी’ हा तिच्या नावाचा भाग नाही. मुळात ते चौ राजघराण्याचे कुलनाम; त्या घराण्यातल्या मुली इतर राजांकडे दिल्या जात, त्यावरून ते मानाच्या स्त्रीसाठी आणि हानकाळात राजाच्या उपपत्नीसाठी वापरात आले. ल्यू बांगच्या स्त्रियांना शिजी छी जी, बो जी असे म्हणते, आणि तेथे पहिला शब्द माहेरचे आडनाव असतो. या धर्तीवर ‘यू जी’ म्हणजे ‘यू घराण्यातील बाई’ असा अर्थ होतो आणि बान गूच्या पाठाला बळ मिळते. पण सीमा छ्येन तिला ‘यू जी’ म्हणतच नाही; तो ‘मेइ-रन’ हा शब्द वापरतो. याचा साधा अर्थ सुंदर स्त्री. हान अंतःपुरात तो एका दर्जाचाही किताब होता. छूच्या छावणीत असा दर्जा अस्तित्वात होता असे धरायला आधार नाही, तेव्हा तो साध्या अर्थानेच घेणे बरे.

‘यू गं, यू’ ही हाक आडनावाची वाटत नाही, असा आक्षेप आडनावाच्या पक्षावर घेतला जातो. आडनाव मानणारे म्हणतात, की घोड्याच्या वाक्याशी तोल साधताना ‘नाव च्वेइ’च्या जोडीला ‘नाव यू’ आले असावे. च्वेइ हे तरी विशेषनाम आहे का, हाही प्रश्नच. काळ्यापांढऱ्या मिश्र रंगाच्या घोड्याला चिनी भाषेत च्वेइच म्हणतात. प्रस्तुत लेखकाला आडनावाचा पक्ष किंचित सबळ वाटतो. अलीकडे सर्रास दिसणारे ‘यू म्याओ-यी’ हे तिचे पूर्ण नाव मात्र शिजीत नाही आणि हानशूतही नाही.

तिच्या तोंडी घातलेले चार ओळींचे उत्तर आणखी नंतर प्रकट होते. शिजीचा थांगकालीन टीकाकार जांग शौज्ये याने (त्याच्या टीकेची प्रस्तावना ७३६ ची) ‘सुंदरीने साथ दिली’ या शब्दांवर टीप देताना छू-हान छुनछ्यू या ग्रंथातले म्हणून हे कडवे उद्धृत केले :

हान सैन्याने भूमी गिळली,
चहूंकडे ही छूची गाणी;
महाराजांची उमेद सरली,
दासी जगावी कशापायी?

छू-हान छुनछ्यू ही ल्यू बांगच्या दरबारातील लू ज्या याची कृती मानली जाते. हानशूच्या ग्रंथसूचीत तिची ९ प्रकरणे नोंदलेली आहेत. ग्रंथ पुढे लुप्त झाला. लू ज्या त्या युद्धाचा समकालीन असल्याने कडवे खरोखर त्याच्या ग्रंथातले असेल, तर ते शिजीहूनही जुने ठरते. अडचण छंदाची आहे. चारही ओळी पाच-पाच अक्षरांच्या, सुबक, यमकबद्ध आहेत, आणि असे पंचाक्षरी कडवे इ.स.पू. २०० च्या आसपास इतके घोटीव स्वरूपात मिळणे अवघड. नामांकित कवीने रचलेल्या पंचाक्षरी कवितेचा जुना नमुना म्हणून जी रचना दाखवली जाते ती बान गूची, म्हणजे पहिल्या शतकातली आहे. वांग यिंगलिन (१२२३–९६) या बहुश्रुत पंडिताने मात्र याच कडव्यावरून ‘त्या काळी पंचाक्षरी रचना होतीच’ असा उलटा निष्कर्ष काढला. त्याच्या बाजूने दाखवता येणारा पुरावा म्हणजे छी जीचे गाणे. ल्यू बांगच्या मृत्यूनंतर त्याची राणी ल्यू हिने तिला धान्य कांडायला बसवले, तेव्हा तिने म्हटलेले हे गाणे हानशूत आहे आणि त्यात पंचाक्षरी ओळी आहेत. पण ते ओबडधोबड, तीन आणि पाच अक्षरांच्या ओळींचे मिश्रण आहे. त्याच्या शेजारी यूचे कडवे ठेवले, की दोहोंतले अंतर कानालाच जाणवते.

दुसरा आक्षेप सीमा छ्येनच्या मौनाचा. त्याने लू ज्याचा ग्रंथ वापरला होता, असे बान गू सांगतो. राजाचे गाणे पूर्ण देणाऱ्या इतिहासकाराने समोर असलेले उत्तर गाळावे, हे पटत नाही. शिवाय ‘साथ दिली’ यासाठी वापरलेल्या ‘ह’ या क्रियापदाचे दोन अर्थ होतात : तेच गाणे बरोबर म्हणणे, किंवा गाण्याला गाण्याने उत्तर देणे. पुढच्या काळात कवींमध्ये दुसरा अर्थ रूढ झाला आणि मग उत्तर कुठे आहे, हा शोध सुरू झाला असावा. बहुसंख्य आधुनिक अभ्यासक कडवे उत्तरकालीन मानतात. ते मान्य केले, तरी सातव्या-आठव्या शतकापर्यंत तिने मरणाची भाषा केली होती ही समजूत पक्की झालेली होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

तिच्या मृत्यूचे वर्णन जुन्या इतिहासग्रंथांत नाही. थांगकालीन फंग दाय-जंगच्या ‘यू जीची व्यथा’ या कवितेत ती स्वतःला दक्षिणेकडची कमळे खुडणारी मुलगी आणि श्यांग यूला नदीपलीकडे तलवार शिकणारा तरुण म्हणवते. तिचे माहेर दक्षिणेत असल्याच्या कल्पनेचा हा एक जुना आधार. सुंग काळात सू शी (१०३७–११०१) याने तिच्या कबरीवर चार ओळी लिहिल्या. त्या धांदलीत राजाशी इमान राखणारी दोनच माणसे, एक यू जी आणि दुसरा जंग, असे तो म्हणतो. जंग हा श्यांग यूचा जुना सरदार. विजयी ल्यू बांगच्या हुकमानंतरही त्याने मृत धन्याचा नाव घेऊन एकेरी उल्लेख करायचे नाकारले होते. येथे यू जी प्रेयसीपेक्षा स्वामिनिष्ठांच्या रांगेत बसवलेली दिसते. हा सूर सुंग काळाला साजेसा आहे.

तलवारीचा तपशील मिंग काळातील कादंबऱ्यांत भरला गेला. १६१२ च्या सुमाराच्या पश्चिम हान कथेत ती पुरुषवेष करून मागोमाग येते असे सांगून राजाची तलवार मागते आणि ती हाती येताच गळ्यावर चालवते. तिचा बाप, तिचा सेनानी भाऊ यू जछी ही पात्रेही कथाकारांची. शिजीत ती नाहीत.

मिंग नाटककार शन त्साय याच्या हान शिनवरील नाटकात निरोपाचा प्रवेश आहे, पण तेथे ती दुय्यमच. आज परिचित असलेली यू जी पेकिंग ऑपेराची आहे. १९१८ मध्ये यांग श्याओलौ (१८७८–१९३८) याने छू-हान संघर्षावर नाटक रंगवले. त्याच विषयावर छी रूशानने नवी संहिता लिहिली आणि बावांग ब्ये जी (‘अधिराजाचा सहचरीला निरोप’) हे नाटक १९२२ मध्ये बीजिंगला रंगले. त्यात यांग राजा होता आणि स्त्रीपार्टी नट मेइ लानफांग (१८९४–१९६१) यू जी. अंगावर माशाच्या खवल्यांसारखे चिलखत, त्यावर पिवळा झगा, हातात कंदील घेऊन ती निजलेल्या राजाच्या तंबूबाहेर पडते. पहारेकऱ्यांची कुजबुज आणि दुरून येणारी छूची गाणी राजाच्या आधी तिच्या कानी पडतात. शिजीत ती ऐकणारा श्यांग यू आहे, रंगभूमीने ऐकणारी बदलली. मग राजाचे मन रमावे म्हणून ती दोन तलवारींचा नाच करते. सुरुवातीला ‘रात्र गडद’ ही चाल संथ असते, मग ढोल चढत जातो आणि तलवारींची पाती चाकासारखी फिरू लागतात. राजाकडे ती पाठ करते तेवढ्यापुरतेच तिचे डोळे भरून येतात. पुन्हा वळली की चेहरा हसरा. तेच वादग्रस्त कडवे येथे ती म्हणते. शेवटी राजा तलवार द्यायला नकार देत राहतो, तेव्हा ‘हानचे सैनिक आले!’ असे ओरडून ती त्याचे लक्ष दुसरीकडे वळवते आणि त्याच्या कमरेची तलवार उपसते.

मूळ प्रयोगात यानंतर वू नदीची लढाई होती. तिच्या मरणानंतर प्रेक्षक उठून जाऊ लागले, म्हणून पुढे ती बहुधा गाळली जाऊ लागली. ‘हा राजाने सहचरीला दिलेला निरोप नव्हे, सहचरीने राजाला दिलेला निरोप झाला,’ असे यांग श्याओलौ म्हणाल्याचे सांगतात. छन खायगं याच्या १९९३ च्या चित्रपटाने याच ऑपेराची पार्श्वभूमी घेतली. कानच्या महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक त्याला विभागून मिळाले.

‘यू मेइ-रन’ हे थांग दरबारातील एका चालीचे आणि त्यावरून ५६ अक्षरी छंदाचे नाव आहे. दक्षिण थांगचा पदच्युत राजा ली यू (९३७–९७८) याची प्रसिद्ध कविता याच छंदात आहे. तिच्या विषयाशी यू जीचा संबंध नाही. याच नावाच्या वनस्पतीची कथा जास्त रंजक आहे. शन क्वो (१०३१–९५) लिहितो, की यू मेइ-रन नावाच्या गवतापुढे ती चाल म्हटली, की त्याची पाने हलतात, दुसऱ्या गाण्यांना हलत नाहीत. सांग चिंगशू नावाच्या संगीतज्ञाने प्रयोग केला, ती चाल वू प्रदेशाच्या स्वरांत बांधलेली आहे असे ताडले आणि त्याच स्वरांत दुसरीच धून वाजवून पाहिली, पाने हललीच. हे गवत म्हणजे आजचे त्या नावाचे तांबडे फूल नव्हे. अफूच्या कुळातील ते रानफूल भूमध्यसागरी मुलखातले आहे आणि त्याची पाने हलत नाहीत. थांगकालीन दुआन छंगशी याने वर्णिलेली ‘नाचरी वनस्पती’ (टोकाला एक पान, खाली समोरासमोर दोन, गाणे ऐकून हलणारी) जवळची वाटते. बंगालमध्ये बनचांडाल म्हणतात आणि जगदीशचंद्र बोस यांनी जिच्यावर प्रयोग केले, तीच ही असावी, असा एक तर्क आहे. तिची बाजूची बारीक पाने उबदार हवेत आपोआप फिरतात. गाण्याची गरज नसते. यू जीच्या रक्तातून तांबडे फूल उगवल्याची कथा एका सुंगकालीन दीर्घ कवितेवरून पसरली. त्या कवितेचे कर्तृत्व तिघांकडे दिले जाते.

गायश्या नेमके कोठे, यावर एकमत नाही. हानशूच्या भूगोलविषयक प्रकरणानुसार ते फेइ प्रांतात येते, म्हणजे आजच्या आन्ह्वेइ प्रांतातील लिंगबी व गूचन या तालुक्यांच्या परिसरात. जांग शौज्ये मात्र ते बरेच पश्चिमेला, आजच्या हनान प्रांतातील लूयीजवळ दाखवतो आणि काही आधुनिक इतिहासकारांनी त्याचा पक्ष घेतला आहे. गूचनजवळच्या टेकाडावरील उत्खननात नवाश्मयुगीन तटबंदी सापडली. लढाईच्या जागेचा प्रश्न तिने सुटत नाही. नोंद अधिक जुनी म्हणून आन्ह्वेइचा पक्ष स्वीकारणे सोयीचे.

कबरी दोन आहेत. सातव्या शतकातील क्वोदी-जी हा भूवर्णनग्रंथ तिची कबर दिंगयुआन तालुक्याच्या पूर्वेस ६० ली (चिनी अंतरमान) अंतरावर सांगतो, तीही ‘वडीलधारी माणसे म्हणतात’ अशी सावध पुस्ती जोडून. दुसरी लिंगबीची. धड एकीकडे आणि शिर दुसरीकडे, अशी स्थानिक समजूत आहे. लिंगबीच्या कबरीवर दोन ओळींचा जोडलेख आहे. पहिली ओळ ‘यू’ने सुरू होते : ‘यू गं, काय करावे, रूपवतींचे नशीब पूर्वापार खोटे’. दुसरी ‘जी’ने : ‘जी, कुठे आहेस तू? सांजेकडे तोंड करून हिरवे थडगे तेवढे मागे राहिले’. या दुसऱ्या ओळीतला थडग्याचा भाग दू फू (७१२–७७०) याच्या कवितेतून शब्दशः उचललेला आहे. दू फूने तो शब्द योजला होता वांग जाओजुन हिच्यासाठी, उत्तरेकडील टोळ्यांच्या राजाला दिलेल्या हान दरबारातील दुसऱ्याच एका स्त्रीसाठी.